एक जूनची माणसं

अमेरिकेत तुमचं नाव फारसं कुणी विचारत नाही. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेच्या फोनवर पहिला प्रश्न एकच असतो: जन्मतारीख सांगा. ती बरोबर सांगितली की पुढचं सगळं सुरळीत होतं. आई आमच्याकडे ॲन आर्बरला राहायला आली आणि पहिल्याच थंडीत आम्हा दोघींना खोकला झाला. औषधं घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं तारीख विचारली. मी म्हटलं, "एक जून." तिनं माझी बाटली दिली आणि आईकडे पाहिलं. "यांची?" मी म्हटलं, "एक जून." ती मुलगी इतकी हरखली की तिनं छातीवर हात ठेवला.

"काय म्हणली?" आईनं विचारलं.

"मायलेकींचा वाढदिवस एकाच दिवशी आहे म्हणून तिला आनंद झाला."

"तिला म्हणावं, हिच्या बापाचा बी त्योच हाय. अन् मावशीचा. अन् निम्म्या गावाचा."

हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. कशाकशाचा आनंद करेल बिचारी.

मी ज्या शाळेत शिकले ती दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची जिल्हा परिषदेची शाळा होती. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावी झालेलं नव्हतं. मी सहा वर्षांची व्हायच्या आतच शाळेत गेले, त्याचं कारण माझी हुशारी नव्हती. त्या वर्षी पटसंख्या कमी भरत होती आणि दुसऱ्या शिक्षकांचं पद रद्द होणार होतं. मुख्याध्यापक दारोदार फिरत आमच्या घरी आले. वडील अंगणात पाटी विणत होते, मी शेजारी बसून विणायच्या फोका मोजत होते. गुरुजींनी विचारलं, "हिला सहा झाली का?" वडील म्हणाले, "अजून न्हाई." गुरुजी म्हणाले, "झाली समजा." आणि हजेरीपत्रकात माझी जन्मतारीख एक जून लिहिली गेली. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा त्या दिवशी सहा पूर्ण झालेलं मूल सगळ्यांत सोयीचं. माझ्या वर्गातली झाडून सगळी पोरं एक जूनला जन्मलेली होती. गंमत म्हणजे तेव्हा सुट्टी असायची, त्यामुळे एकाचाही वाढदिवस कधी साजरा झाला नाही.

त्या एका खोट्या तारखेवर दुसऱ्या शिक्षकांची नोकरी टिकली. तेच शिक्षक पुढं मला गणित शिकवायचे, शिष्यवृत्तीला बसवायचे, सायकलवर पुढं बसवून तालुक्याच्या परीक्षेला न्यायचे. आज मी इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या नळांचं पाणी तपासते ती त्यांच्यामुळे. त्यामुळे एक जूनबद्दल माझ्या मनात राग कधीच नव्हता. प्रयोगशाळेतली मंडळी दर एक जूनला केक आणतात, मी दर वर्षी चकित झाल्यासारखं करते आणि मेणबत्त्या विझवते. मुळात ते गुरुजींच्या धोरणाचं फळ आहे हे त्यांना कसं सांगायचं?

माझा नवरा पुण्याचा. त्याचा जन्म नर्सिंग होममध्ये झाला. त्याच्या दाखल्यावर वार, वेळ आणि डॉक्टरांची सही आहे. लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरच्यांची कागदपत्रं पाहून तो म्हणाला होता, "तुमच्या तालुक्यात एक जूनला सुइणींचे काय हाल होत असतील!" हा विनोद तो अजून करतो.

मग आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर आला.

ग्रीन कार्ड म्हणजे इथं कायमचं राहायचा परवाना. अर्ज माझ्या कामावर होता, नवरा माझ्यामागून. वर्षानुवर्षं आम्ही एका न दिसणाऱ्या रांगेत उभे होतो आणि रांग अखेर आमच्यापर्यंत आली होती. माझ्या कामाच्या व्हिसाची मुदत संपत आली होती. हा अर्ज बुडाला तर आम्हा दोघांना गाशा गुंडाळून जावं लागणार होतं. आमची मुलगी मात्र इथंच जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक. तिच्या दाखल्यावर जन्माचं मिनिटसुद्धा आहे आणि सोबत पावलांचे काळे ठसे. तिला कुणी कुठंही घालवू शकत नव्हतं. नवरा म्हणायचा, "आपल्याला काढलं तर ही आपल्याला टूरिस्ट म्हणून बोलवेल." मला हसू यायचं नाही. तिची दुसरी सुरू होती, सायकल शिकत होती, मैत्रिणीबरोबर तळघरात काहीतरी नाटक बसवत होती.

अशात नोटीस आली: अर्जदाराचा जन्मदाखला जोडलेला नाही.

जोडणार कुठून? पहिलं बाळंतपण माहेरी, तसा माझा जन्म आईच्या माहेरी, घरातच झाला. त्या गावच्या ग्रामपंचायतीत नोंदच नव्हती. मामानं चार खेपा घालून 'नोंद आढळत नाही' असा दाखला मिळवला. म्हणजे मी जन्मले नाही याचा सरकारी पुरावा आमच्या हातात आला. तो चालतो, असं आमच्या वकीलबाईंच्या कार्यालयानं सांगितलं. फक्त त्याच्याबरोबर दोन प्रतिज्ञापत्रं हवीत. ज्यांना जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे आणि जे त्या वेळी हयात होते अशा दोन व्यक्तींची.

"वडील?" वकीलबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्या मूळच्या इथल्याच, मिशिगनच्या, अतिशय नीटनेटक्या.

"ते नव्हते. ते बाराव्या दिवशी आले, बारशाला."

"मुलीच्या जन्माला वडील बारा दिवसांनी आले?" त्यांनी चष्मा काढला. "काही कौटुंबिक तणाव?"

"नाही नाही. आमच्यात तसंच असतं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला अजून वाटतं, त्यांनी 'तणाव' असंच लिहिलं असणार.

आईची साक्ष तर होतीच. दुसरी मावशीची ठरली. आईची ही धाकटी बहीण, तेव्हा सात-आठ वर्षांची होती, दाराशी पाण्याचं भांडं घेऊन उभी होती, आणि पहिल्या दिवसापासून मला कडेवर घेऊन फिरली. मावशीनं प्रतिज्ञापत्र केलं, ओळखपत्राची प्रत जोडली, सगळं पाठवलं. दोन दिवसांनी वकीलबाईंचा ईमेल आला. त्यातलं वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही: "साक्षीदार घटनेच्या वेळी जन्मलेल्या दिसत नाहीत. कृपया खुलासा करावा."

मावशी शाळेत गेलीच नव्हती. गावात ओळखपत्रांचा कॅम्प आला तेव्हा तिथल्या माणसानं तिला जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, "सगळ्यांचं असतंय ते घाला." त्यानं एक जून घातला आणि साल तिच्या चेहऱ्याकडे बघून घातलं. मावशी अंगानं बारीक, केस काळेभोर. कागदावर ती माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान निघाली.

मी फोन करून सांगितलं तेव्हा ती आधी खूष झाली आणि मग भडकली. "तुला झोळीत घालून जोजवलं मी, अन् मी जन्मले न्हवते? सांग तुझ्या गोऱ्या बाईला, मग तुझे लंगोट कोण धूत व्हतं?"

नवरा मागून म्हणाला, "आता तू त्यांना मावशी नाही म्हणायचं. बाळ म्हणायचं."

मावशी बाद झाली. तिच्याऐवजी मामाचं घेतलं. मामा त्या वेळी सुईणीला बोलवायला गेला होता, एवढंच त्याला माहीत होतं, पण वय मात्र कागदावरही त्याचंच होतं. आता खरा आधार आईचा. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वकीलबाईंच्या कार्यालयानं तयार केला, मी मराठीत त्याचा अर्थ लिहून काढला, आणि आईला घेऊन नोटरीकडे गेले. नोटरी म्हणजे आमच्या बँकेतले एक हसतमुख गृहस्थ. त्यांनी शिक्का काढून ठेवला, पेन पुढं केलं आणि हात वर करायला सांगितलं.

आईनं आधी मराठी कागद वाचला. ती चौथीपर्यंत शिकलेली, ओळीखाली बोट धरून वाचते. बोट एका जागी थांबलं.

"ह्यात एक जून लिव्हलंय."

"हो. पासपोर्टवर तेच आहे ना."

"हात वर करायचा म्हंजी शपथ घ्यायची?"

"हो."

"देवाची?"

"तशीच."

आईनं पेन टेबलावर ठेवलं. "मग न्हाई."

नोटरींनी माझ्याकडे पाहिलं. "सगळं ठीक आहे ना? त्यांच्यावर कुणी दबाव तर आणत नाही?" हा त्यांना विचारावाच लागणारा प्रश्न होता, पण त्या क्षणी दबाव आणणारी मीच होते. आम्ही उठलो. बाहेर बर्फ पडत होतं. गाडीत बसल्यावर मी हीटर लावला आणि आईला समजवायला लागले. म्हटलं, सगळी कागदपत्रं एक जूनची आहेत, दहावीच्या सर्टिफिकेटपासून डॉक्टरेटपर्यंत. ते एक वाक्य आहे फक्त.

"एक जूनला तू माझ्या पोटात व्हतीस," आई म्हणाली. "तवा नुकतीच लाथा मारायला लागली व्हतीस. पोटातल्या पोरीला जन्मली म्हणून शपथ कशी घिऊ?"

"पण आई, ही तारीख घालायला तुम्हीच होय म्हणालात ना गुरुजींना?"

"ते मास्तरांनी लिव्हलं. त्येंनी काय देवाची शपथ घितली न्हवती."

मी गाडी घराकडे वळवली. संध्याकाळी नवरा म्हणाला, "अगं, एक फॉर्मॅलिटी आहे. काकूंना सांग, शपथ घेताना मनातल्या मनात 'तारीख सोडून' म्हणा." तो सासूला काकू म्हणतो. आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं. "जावईबापू, मनातल्या मनात काय म्हणायचं ते मी इमानात बसल्यापासून म्हणतीय. सही ती सही."

खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. मलाही ती सही नकोच होती. घाबरले होते एवढंच. मी वकीलबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं: पटसंख्या, गुरुजी, जून महिना, आई. त्यांनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमची खरी तारीख तुमच्या एकाही कागदावर नाही, आणि कागदावरची तारीख खरी नाही."

"हो."

"आणि हे तुमच्याकडे सर्वसाधारण आहे."

"खूपच."

त्यांनी सल्ला दिला की खरं तेच लिहायचं. आईच्या आठवणीची तारीख घालायची, पासपोर्टवर वेगळी का आहे तेही घालायचं, आणि मुलाखतीला बोलावलं तर आईला सोबत आणायचं. आईची आठवण होती 'नवरात्राची सातवी माळ'. जुनं पंचांग शोधून ती ऑक्टोबरात बसवली. आईनं या कागदावर एकदम झोकात सही केली. नोटरी म्हणाले, "आज त्या फार खूष दिसतात."

मुलाखत डेट्रॉइटला होती. आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं, त्यावर माझं जाड जाकीट, पायात बर्फाचे बूट. सुरक्षा तपासणीत तिच्या पिशवीतून तिळाच्या लाडवांचा डबा निघाला. मी तिला बजावलं होतं की काही न्यायचं नाही. ती म्हणाली, "सायबाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं व्हय?" सरकारी अधिकाऱ्याला मुलाखतीआधी लाडू देणं म्हणजे काय होतं ते मी तिला दबक्या आवाजात समजावलं. डबा नवऱ्यानं पळत जाऊन गाडीत ठेवला. तो परत येईपर्यंत त्याच्या ओठाला तीळ लागले होते.

अधिकारी पन्नाशीचे, जाडजूड, थकल्या डोळ्यांचे होते. त्यांनी आम्हा तिघांना हात वर करायला लावला. आईनं मला विचारलं, "तारीख आपलीच हाय ना?" मी हो म्हटल्यावर तिनं हात असा वर केला की जाकिटाची बाही फाटायची.

नवऱ्याचं पाच मिनिटांत झालं. त्याचा दाखला पाहून अधिकाऱ्यांनी नुसतं "सुंदर" म्हटलं. नवरा असा बसला जणू त्यानंच स्वतःची प्रसूती केली होती.

मग माझी फाइल. त्यांनी पासपोर्ट पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला. "समजावून सांगा."

मी समजावलं. मी अशा वेळी फार मुद्देसूद बोलते आणि फार वेळ बोलते. प्राथमिक शिक्षणाचं धोरण, शिक्षकांची पदं, पटावरची मुलं, प्रवेशाचं वय. अधिकारी मध्येच म्हणाले, "थांबा. मुख्याध्यापकांना एका शिक्षकाची नोकरी वाचवायची होती, म्हणून तुम्ही जूनमध्ये जन्मलात."

"हो, सर."

"नोकरी वाचली?"

"हो, सर. ते खूप चांगले शिक्षक होते."

त्यांनी आईचा पासपोर्ट मागितला. तो पाहिला. सोबत जोडलेली वडिलांच्या ओळखपत्राची प्रत पाहिली. मग खुर्चीत मागं रेलले. "आई एक जून. वडील एक जून. तुम्ही एक जून. माझ्याकडे एक जानेवारीची माणसं पुष्कळ येतात, अनेक देशांतली. एक जूनचं कुटुंब पहिलंच." मग ते म्हणाले की आईशी थेट बोलायचं आहे आणि दुभाषी म्हणून मी चालणार नाही, जावईही नाही. त्यांनी फोन फिरवला. बरीच बटणं दाबली. अखेर स्पीकरवर एका बाईंचा आवाज आला. त्यांनी आधी इंग्रजीत आपला क्रमांक सांगितला, अचूक भाषांतर करण्याची शपथ घेतली, आणि मग एकदम मराठीत म्हणाल्या, "नमस्कार मावशी, आवाज येतोय ना?"

आई फोनकडे वाकली. "येतोय की. कुठली गं तू?"

"मी मूळची नागपूरची. आता फ्रिस्कोला असते, टेक्सासमध्ये."

"जेवलीस?"

"काय म्हणाल्या त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आवाज नीट येतोय म्हणाल्या," फोन म्हणाला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, मुलीचा जन्म कधी झाला? बाईंनी ते मराठीत सांगितलं.

"सातव्या माळंला."

"सातव्या हाराच्या दिवशी," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"सातव्या कशाच्या?"

बाईंनी नवरात्र समजावलं: नऊ दिवस, घट, रोज एक फुलांची माळ. अधिकारी लिहीत होते. त्यांनी विचारलं, "इतक्या वर्षांपूर्वीचा नेमका दिवस त्यांना इतक्या खात्रीनं कसा आठवतो?"

आई म्हणाली, "इसरंल कसा? घरात घट बसलेला, अन् सातव्या माळंच्या दिवशी ही आली. मग घटाला हात कोण लावणार—"

"अय्या, सोयर आलं असेल!" फोन म्हणाला.

"व्हय की! सोयर आलं. माजी आई रडायला लागली, नात झाली म्हणून न्हवं, माळ कोण बांधणार म्हणून. मग शेजारणीनं बांधली. अन् ती झेंडूची बांधायची तर तिनं तिळाच्या फुलांची बांधली. त्येच्यावरून दोघी तीन वरसं बोलत न्हवत्या."

"मॅडम," अधिकारी फोनला म्हणाले, "त्या बोलल्या, मग तुम्ही बोललात, मग त्या बोलल्या. मला फक्त त्यांचं हवं आहे."

"सॉरी सर. त्या म्हणतात की बाळ जन्मल्यामुळे घरच्यांना देवाची पूजा करता येईना, शेजारणीला करावी लागली, आणि तिनं चुकीची फुलं वापरली."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्या येण्यानं गैरसोय झाली."

बाईंनी ते आईला सांगितलं.

"लई," आई म्हणाली.

"आणि एक जून?"

"त्यो मास्तरांचा दिवस. सगळ्यांना त्योच."

"अहो, माझ्या यांचाही एक जूनच!" फोन म्हणाला आणि लगेच घसा साफ करून इंग्रजीत: "त्या म्हणतात, ती तारीख शाळेनं दिली."

अर्जात एक प्रश्न होता: याखेरीज दुसरी कुठली जन्मतारीख तुम्ही कधी वापरली आहे का? मी तिथं काय लिहावं हे मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं, आणि मी ते प्रामाणिकपणे सांगितलं. "सर, ऑक्टोबरची तारीख खरी आहे, पण मी ती कधीच वापरलेली नाही. वापरली फक्त खोटी."

"कधीच नाही? वाढदिवस?"

"आमच्या घरी वाढदिवस करत नाहीत. प्रयोगशाळेत करतात. जूनमध्ये."

"आणि तुम्ही केक खाता."

मला शपथ आठवली. "हो, सर. खाते."

त्यांनी लाल पेननं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नवऱ्यानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मला मुलगी आठवत होती, तिला शाळेत सोडताना ती म्हणाली होती, "डोंट बी नर्व्हस, मम्मा, जस्ट टेल देम द आन्सर." तिच्या शाळेत प्रश्नाला उत्तर एकच असतं.

अधिकाऱ्यांनी आईचा पासपोर्ट पुन्हा उघडला. या वेळी त्यांचा आवाज जरा निराळा होता, अर्जाबाहेरचा. "यांची खरी तारीख कुठली?"

बाईंनी विचारलं. मीही तिला हे कधी विचारलेलं नव्हतं.

"मला न्हाई ठाऊक. आई म्हणायची, जोंधळा हुरड्यावर आला व्हता तवा झालीस. कुठल्या सालचा जोंधळा, ते तिनं सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. आता कुणाला इचारू? बघणारं कुणी राह्यलं न्हाई."

फोनवर काही ऐकू येईना. अधिकारी म्हणाले, "मॅडम? लाइनवर आहात ना?"

"आहे, सर." बाईंनी सावकाश सांगितलं, "त्या म्हणतात, शेतातलं ज्वारीचं कणीस कोवळं, भाजून खाण्याजोगं झालं होतं तेव्हा त्या जन्मल्या. कोणत्या वर्षी ते माहीत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्यापैकी आता कुणी नाही."

अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं नाही. पासपोर्ट मिटला आणि दोन्ही हातांनी आईला परत दिला. मग माझ्या फाइलवर शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाले, "मंजूर. दोघांचंही. कार्ड टपालानं येईल."

"मावशी, झालं!" फोन ओरडला. "झालं हो काम!"

नवऱ्यानं डोळ्यांवर हात ठेवला. मी सरांचे आभार मानायला उठले आणि माझी खुर्ची मागं पडली, ती उचलताना पासपोर्ट पडला. आई मात्र जागची हलली नाही. तिनं फोनलाच विचारलं, "कारडावर तारीख कुठली घालनार?"

बाईंनी इंग्रजीत विचारलं. अधिकारी म्हणाले, "पासपोर्टवर असेल तीच. एक जून."

हे ऐकून आई आधी फोनकडे बघत राहिली, मग अधिकाऱ्यांकडे, मग माझ्याकडे. "एवढी शपथ घितली. बर्फात आले. शेजारणीचं भांडणसुदीक सांगितलं. अन् घातलं शेवटी मास्तरांचंच? मग मला कशापायी आणलं हितं?"

"काय म्हणाल्या त्या?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

फ्रिस्कोच्या बाईंनी श्वास घेतलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"त्या म्हणतात," फोन म्हणाला, "थँक यू."

अधिकारी हसले, उठून आईपुढं जरा वाकले आणि "यू आर वेलकम, मॅम" म्हणाले. मी अजून शपथेवर होते. मी काहीच बोलले नाही.